कुपीत शेवटी किती उरतं?

१०९.७७ मिनिटं. पेट स्कॅनसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या फ्लोरीन-१८चं हे अर्धायुष्य. सायक्लोट्रॉनमधून १०० गिगाबेकरेल फ्लोरीन बाहेर आलं, की अर्ध्या तासाने त्यातलं ८२.७ उरतं, तासाने ६८.५, दीड तासाने ५६.६, दोन तासांनी ४६.९ आणि तीन तासांनी ३२.१. या उतरंडीवर कोणाची हुकमत चालत नाही. रेडिओकेमिस्टला जे काही करायचं ते या घसरत्या आकड्यांच्या आत करायचं: फ्लोरीन पाण्यातून सोडवायचं, औषधाच्या रेणूला जोडायचं, न जोडलेलं वेगळं काढायचं, शुद्धता तपासायची, निर्जंतुक फिल्टरमधून कुपीत भरायचं आणि रुग्णापर्यंत पोचवायचं.

साखरेसारखा दणकट रेणू असला तर हे जमतं, रोज जमतं. पण ज्यांच्याकडून आज जास्त अपेक्षा आहेत ते रेणू, म्हणजे प्रथिनं, प्रतिपिंडांचे छोटे तुकडे, झटकन जुळणारे टेट्राझीनसारखे रेणू, हे उष्णतेने मोडतात, आम्लारीने मोडतात, काही तर नुसत्या सेंद्रिय द्रावकानेही बिघडतात. त्यांना फ्लोरीन-१८ लावायचं म्हणजे घड्याळ आणि रसायन यांच्यात तडजोड करायची. माझं म्हणणं असं, की या क्षेत्रातल्या शोधनिबंधांत सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापला जाणारा आकडा नाजूक रेणूंच्या बाबतीत सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. ते पटवण्यासाठी हिशेब मुळापासून मांडायला हवा.

मुळात फ्लोरीन-१८च का? कार्बन-११चं अर्धायुष्य २०.४ मिनिटं, सायक्लोट्रॉनच्या शेजारीच स्कॅनर असेल तर ते कामाचं. गॅलियम-६८चं ६८ मिनिटं, आणि त्याचा पॉझिट्रॉन ऊतीमध्ये सरासरी तीनेक मिलिमीटर पुढे जाऊन मग इलेक्ट्रॉनला भिडतो. फ्लोरीन-१८च्या पॉझिट्रॉनची ऊर्जा जास्तीत जास्त ०.६३४ एमईव्ही आणि सरासरी पल्ला ०.६ मिलिमीटर. या टकरीतून ५११ केईव्हीचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात आणि स्कॅनर पाहतो ती ही जोडी. टक्कर रेणूच्या जितकी जवळ, तितकं चित्र रेखीव. शिवाय फ्लोरीन-१८च्या १०० अणूंपैकी ९७ पॉझिट्रॉन सोडून विघटन पावतात. गॅलियम-६८मध्ये हेच प्रमाण ८९.

आता प्रमाणाचा अंदाज घेऊ. आपल्याकडच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत अजून मिलिक्युरीची भाषा चालते. १० मिलिक्युरी म्हणजे ३७० मेगाबेकरेल. एफडीजी या फ्लोरीन लावलेल्या साखरेच्या नेहमीच्या डोसची ही वरची बाजू. एवढ्या डोसमध्ये फ्लोरीन-१८चे साडेतीन लाख कोटी अणू असतात. ऐकायला प्रचंड, पण मोलमध्ये मोजलं तर ते सहा पिकोमोलही भरत नाहीत. या अणूंपासून बनलेलं एफडीजी तोललं तर वजन होतं एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. १०० गिगाबेकरेलची अख्खी बॅच घेतली तरी त्यात किरणोत्सारी फ्लोरीन असतं १.६ नॅनोमोल. एरवीच्या प्रयोगशाळेत एवढा पदार्थ काचेच्या भिंतीला चिकटून हरवला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पुढच्या बहुतेक अडचणी या १.६ नॅनोमोलमधूनच निघतात.

एका आयनामागे नऊ कोटी

फ्लोरीन-१८ बनतं पाण्यातून. निसर्गातल्या ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन-१८चं प्रमाण फक्त ०.२ टक्का. ते ९५ टक्क्यांच्या वर नेलेलं पाणी दोन-तीन मिलिलिटर सायक्लोट्रॉनच्या टार्गेटमध्ये भरतात आणि त्यावर साधारण ११ ते १८ एमईव्हीच्या प्रोटॉनचा झोत सोडतात. ऑक्सिजन-१८चं केंद्रक एक प्रोटॉन घेतं, एक न्यूट्रॉन टाकतं आणि फ्लोरीन-१८ होतं. ते पाण्यात फ्लोराइड आयनाच्या रूपात राहतं.

आणि तिथेच अडकतं. अडीच मिलिलिटर पाणी आणि १०० गिगाबेकरेल फ्लोराइड धरलं, तर एका किरणोत्सारी आयनामागे पाण्याचे जवळपास नऊ कोटी रेणू होतात. फ्लोराइड आयन लहान, त्याचा ऋणभार एका जागी एकवटलेला. पाणी त्याला हायड्रोजन बंधांनी असं आवळून धरतं, की तो पूर्ण सोडवायला मोलमागे सुमारे ५०० किलोजूल ऊर्जा लागते. पाण्याच्या वेढ्यातला फ्लोराइड कार्बनकडे फिरकतही नाही. म्हणून त्याला आधी आयन-विनिमय कार्ट्रिजवर अडवतात आणि महागडं पाणी परत मिळवतात. मग पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणाने फ्लोराइड खाली उतरवतात, क्रिप्टोफिक्स नावाच्या पिंजऱ्यासारख्या रेणूत पोटॅशियमला कोंडतात आणि ॲसिटोनायट्राइल घालून शंभर अंशांच्या आसपास वायूच्या झोतात सगळं कोरडं करतात. यात सहज पंधरा मिनिटं जातात. एकही बंध जुळण्याआधी नऊ टक्के फ्लोरीन खर्ची पडलेलं असतं.

कोरड्या झालेल्या या फ्लोराइडच्या सोबत काय उरलं ते पाहा. पोटॅशियम कार्बोनेट २.८ मिलिग्रॅम वापरलं तर ते भरतं २० मायक्रोमोल. म्हणजे किरणोत्सारी फ्लोराइडच्या एका आयनामागे कार्बोनेटचे साडेबारा हजार आयन. प्रिकर्सरचा, म्हणजे फ्लोरीन बसण्याआधीच्या मूळ पदार्थाचा, एखादा रेणू फ्लोराइडला भेटण्याआधी आम्लारीला भेटणार हे उघड आहे. त्या भेटीत जो टिकतो त्यालाच लेबल लागतं.

एफडीजी टिकतं, आणि म्हणूनच ते या सगळ्या क्षेत्राचं राबतं घोडं झालं. १९७६ साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तात्सुओ इदो, जोआना फाउलर, आल्फ्रेड वुल्फ आणि सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा बनवलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. ती वाट फ्लोरीन वायूची होती. वायूच्या रेणूत फ्लोरीनचे दोन अणू आणि अभिक्रियेत जोडला जातो एकच. म्हणजे उताऱ्याची कमाल मर्यादाच ५० टक्के. १९८६ मध्ये जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्रात हामाखर, कोएनन आणि श्टॉकलिन यांनी क्रिप्टोफिक्स वापरून फ्लोराइड आयनाचीच वाट मोकळी केली. या पद्धतीत मॅनोज ट्रायफ्लेट हा प्रिकर्सर साधारण २५ मिलिग्रॅम घेतात, म्हणजे ५२ मायक्रोमोल. एका किरणोत्सारी फ्लोराइडमागे ३३ हजार रेणू. ऐंशीच्या पुढच्या तापमानात काही मिनिटांत फ्लोरीन बसतं. नंतर साखरेवरचे चार ॲसिटिल गट आम्लात तापवून किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने उतरवतात. साखर हे दोन्ही सोसते. आजची स्वयंचलित यंत्रं २५-३० मिनिटांत ६० टक्क्यांच्या आसपास उतारा देतात, आणि तोही प्रत्यक्ष कुपीतला.

या यशाने एक सवय लागली. भरपूर प्रिकर्सर, भरपूर आम्लारी, भरपूर उष्णता, थोडा वेळ, अशी पाककृती सगळीकडे बसवून पाहिली गेली. अनेक लहान रेणूंना ती मानवली. प्रथिनांना मात्र ती मानवण्याचं कारणच नाही. प्रथिन काम करतं ते त्याच्या घडीमुळे, आणि बहुतेक प्रथिनांची घडी ५०-६० अंशांच्या पुढे उलगडायला लागते. एस्टर बंध आम्लारीत तुटतात. टेट्राझीनच्या कड्यात सहापैकी चार अणू नायट्रोजनचे. तो इतका अधीर रेणू, की आम्लारी आणि उष्णता एकत्र मिळाली की त्याचं विघटन सुरू होतं. डोपा या डोपामाइनच्या पूर्वरेणूची तक्रार वेगळी. तिच्या बेंझिन कड्यावर इलेक्ट्रॉनांची रेलचेल असल्यामुळे ऋणभारित फ्लोराइडला तिथे शिरकावच मिळत नाही. पार्किन्सनच्या संदर्भात मेंदूतलं डोपामाइन फ्लोरोडोपाने पहिल्यांदा पाहिलं गेलं ते १९८३ मध्ये, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मात्र त्याला मिळाली २०१९ मध्ये. या छत्तीस वर्षांच्या उशिराचं एकच कारण सांगणं चूक ठरेल, पण बनवायला अवघड हे त्यातलं एक नक्की.

दोन पाककृती, दोन उतारे

आता त्या मोठ्या अक्षरांतल्या आकड्याकडे. शोधनिबंधात बहुधा क्षय-दुरुस्त उतारा दिलेला असतो: काम चालू असताना जे फ्लोरीन आपोआप विघटन पावलं ते हिशेबात परत मिळवून काढलेली टक्केवारी. रसायन किती कार्यक्षम आहे ते यातून कळतं, आणि पद्धतींची तुलना करायला ते हवंच. पण रुग्णाला दुरुस्त केलेलं फ्लोरीन टोचता येत नाही.

समजा एका पाककृतीचा क्षय-दुरुस्त उतारा ५० टक्के आणि वेळ दोन तास. दुसरीचा उतारा ३५ टक्के आणि वेळ अर्धा तास. कागदावर पहिली सरस. १०० गिगाबेकरेलने सुरुवात केली तर पहिलीच्या कुपीत २३.४ गिगाबेकरेल उरतात आणि दुसरीच्या २९. त्यात पहिली पाककृती ११० अंशांची आणि दुसरी खोलीच्या तापमानाची असेल, तर नाजूक रेणूसाठी वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

२०१७ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन परिभाषेचे नियम ठरवले. क्षय-दुरुस्त उतारा आणि प्रत्यक्ष हाती आलेला किरणोत्सार हे वेगवेगळे नोंदवावेत, असा त्यांचा आग्रह होता. तो योग्यच होता. त्याच्याही पलीकडे एक फसवा आकडा आहे, तो म्हणजे अभिक्रियेच्या भांड्यातून एक थेंब काढून पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर मोजलेलं रूपांतर. ‘८० टक्के रूपांतर’ हे वाक्य शुद्धीकरणाआधीचं असतं, पुष्कळदा अगदी थोड्या किरणोत्सारावर केलेल्या चाचणीतलं असतं. मोठ्या बॅचमध्ये किरणोत्सार स्वतःच द्रावणात मुक्त मूलकं तयार करतो आणि नाजूक रेणू त्यांनाही बळी पडतात. म्हणून तर कुपीत थोडं अल्कोहोल किंवा ॲस्कॉर्बेट घालून ठेवतात. अशा रेणूचं रूपांतर ८० टक्के असून कुपीतला उतारा १० टक्के असू शकतो.

घड्याळाची ही किंमत प्रथिनांच्या जुन्या पद्धतीत स्पष्ट दिसते. प्रथिनाला थेट तापवता येत नाही, म्हणून आधी एका लहान, दणकट रेणूला फ्लोरीन लावायचं आणि मग तो रेणू सौम्य वातावरणात प्रथिनाच्या लायसिनला जोडायचा. या कामाचा जुना जाणता रेणू म्हणजे एसएफबी. त्याच्या तीन पायऱ्या: फ्लोरीन बसवणं, एस्टर तोडून आम्ल करणं, त्या आम्लाचा पुन्हा क्रियाशील एस्टर करणं. मग प्रथिनाशी जोडणी, मग चाळणीसारख्या स्तंभातून शुद्धीकरण. सगळं मिळून अडीच तास धरले तर रसायन कितीही चोख असो, फ्लोरीन उरतं ३८.८ टक्के.

२०१० मध्ये ओल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी या तीन पायऱ्यांची एक केली. त्यांनी बेंझिनच्या जागी पिरिडीनचं कडं घेतलं आणि त्यावर फ्लोराइडला आयती सुटणारी जागा ठेवली. परिणाम असा, की क्रियाशील एस्टर जागेवर असतानाच ४० अंशांना दहा मिनिटांत फ्लोरीन बसतं. आम्लारीत तुटणारा एस्टर वाचतो, कारण तापमान कमी आणि वेळ थोडा. काही वर्षांनी अमेरिकेच्या एनआयएचमधल्या बसुली आणि सहकाऱ्यांनी कोरडं करण्याची पायरीही गाळली: फ्लोराइड कार्ट्रिजवर बसलेला असतानाच प्रिकर्सरचं द्रावण खोलीच्या तापमानाला त्यातून सोडायचं, खाली उतरतं ते लेबल लागलेलं. याच सुमाराला, २०१४ मध्ये, कोलोनच्या न्यूमायर आणि झ्लाटोपोल्स्की यांच्या गटाने आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली. प्रिकर्सर स्वतःच धनभारित मीठ असेल तर कार्ट्रिजवरून फ्लोराइड उतरवायला वेगळी आम्लारी कशाला? प्रिकर्सरच मेथेनॉलमध्ये विरघळवून त्यानेच उतरवायचा. साडेबारा हजार कार्बोनेटचा आकडा शून्यावर आला. मला स्वतःला या दोन युक्त्या अनेक नव्या उत्प्रेरकांपेक्षा मोलाच्या वाटतात, कारण त्या एखादा नवा पदार्थ न घालता, आहे तोच काढून टाकतात.

कार्बनला वळसा

दुसरा विचार असा: कार्बनशीच बंध कशासाठी? कार्बन-फ्लोरीन बंधाची ताकद मोलमागे ४९० किलोजूलच्या आसपास, सिलिकॉन-फ्लोरीनची ५६५च्या, आणि ॲल्युमिनियम-फ्लोरीनची ६७०च्या. २००९ मध्ये मॅकब्राइड, गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमची वाट दाखवली. फ्लोराइड कोरडा करायचाच नाही. पाण्यातच ॲल्युमिनियमला चिकटवायचा आणि ॲल्युमिनियमला नोटा नावाच्या पकड-रेणूत बसवायचं. पीएच ४ च्या आसपास, १०० अंश, पंधरा मिनिटं. नऊ कोटी पाण्याच्या रेणूंचा अडसर एका फटक्यात गेला.

पण १०० अंश राहिलेच. पेप्टाइड ते सोसतात, प्रथिनं नाहीत. बेल्जियममधल्या लोव्हेन विद्यापीठात क्लेरेन, बोरमान्स आणि सहकाऱ्यांनी रेस्का हा नवा पकड-रेणू घडवला, तो खोलीच्या तापमानाला ॲल्युमिनियम-फ्लोराइडला धरतो आणि सुमारे बारा मिनिटांत काम संपवतो. त्यांनी अल्ब्युमिन आणि नॅनोबॉडी (प्रतिपिंडाचा छोटा तुकडा) अशा प्रथिनांना त्याने लेबल लावून दाखवलं. बारा मिनिटांत क्षय होतो ७.३ टक्के. शंभर अंशांवरून पंचवीस अंशांवर येणं हा या सगळ्या लेखातला मला सर्वांत आवडणारा आकडा आहे.

सिलिकॉनची वाट शिरमाखर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उघडली. इथे प्रिकर्सरमध्ये सिलिकॉनवर साधं फ्लोरीन आधीच बसलेलं असतं. किरणोत्सारी फ्लोराइड येऊन त्याची जागा घेतो. नुसती अदलाबदल, खोलीच्या तापमानाला, दहा-पंधरा मिनिटांत. यातला मोठा फायदा असा, की प्रिकर्सर आणि लेबल लागलेला रेणू रासायनिकदृष्ट्या एकच असल्यामुळे त्यांना वेगळं करण्यासाठी एचपीएलसीवर वीस-तीस मिनिटं घालवावी लागत नाहीत. तोटाही त्यातच आहे: साधा आणि किरणोत्सारी, दोन्ही रेणू एकत्रच शरीरात जातात.

किती जातात ते मोजता येतं. १०० गिगाबेकरेल आणि १०० नॅनोमोल प्रिकर्सर घेतला, ४० टक्के फ्लोरीन बसलं आणि वीस मिनिटं गेली, तर मायक्रोमोलमागे साधारण ३५० गिगाबेकरेल मिळतात. शुद्ध फ्लोरीन-१८ची सैद्धांतिक कमाल आहे ६३ हजार. म्हणजे दर १८० रेणूंमध्ये एक किरणोत्सारी, बाकीचे साधे. ३७० मेगाबेकरेलच्या डोसबरोबर १५ हजार डाल्टनची नॅनोबॉडी मग जाते १६ मायक्रोग्रॅम. हे पुष्कळदा चालण्यासारखं आहे. पण हात सैल सोडून प्रिकर्सर एक मायक्रोमोल घेतला, की तोच आकडा १६० मायक्रोग्रॅम होतो आणि गाठीवर रिसेप्टर थोडेच असतील तर साधे रेणूच ते अडवून बसतात. उतारा वाढवायला प्रिकर्सर वाढवावा हा मोह इथे महागात पडतो.

सिलिकॉनची आणखी एक अडचण म्हणजे बंध पाण्यात टिकावा म्हणून त्याभोवती दोन टर्शरी-ब्युटिल गट लागतात. त्यामुळे रेणू तेलकट होतो आणि यकृताकडे ओढला जातो. त्यावर उपाय म्हणून पाण्यात विरघळणारे गट जोडावे लागतात. इतकं करूनही ही वाट रुग्णापर्यंत पोचली: प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीचं फ्लोटुफोलास्टॅट, ज्यात सिलिकॉन-फ्लोरीन बंध आहे, त्याला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. बोरॉनवरची अदलाबदल ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड पेरिन यांची. तिला पीएच २ च्या जवळचं आम्ल लागतं, म्हणून ती पेप्टाइडांसाठी चांगली आणि प्रथिनांसाठी नाही.

डोपासारख्या कड्यांना तांब्याने हात दिला. २०१४ मध्ये ऑक्सफर्डमध्ये व्हेरोनिक गुव्हर्नर यांच्या गटाने बोरॉनयुक्त प्रिकर्सरवर तांब्याच्या मदतीने फ्लोराइड बसवला, मिशिगनमध्ये मेलानी सॅनफर्ड आणि पीटर स्कॉट यांनीही तांब्याच्याच वाटा शोधल्या. तापमान ११० अंशांच्या घरात असतं, त्यामुळे प्रथिनांना त्याचा उपयोग नाही. गंमत अशी, की जास्त आम्लारी तांब्यालाही मारते. तिथेही कार्बोनेट कमी करावं लागलं.

सेंट अँड्र्यूजच्या डेव्हिड ओ’हॅगन यांनी २००२ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोरिनेजचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्ट्रेप्टोमायसिस कॅटलिया या जीवाणूतलं हे एन्झाइम पाण्यात, उदासीन पीएचला, कार्बन-फ्लोरीन बंध बांधतं. आपण नऊ कोटी रेणू उकळून घालवतो, ते त्यांच्या गर्दीतून फ्लोराइड उचलतं. फ्लोरीन-१८नेही त्याने काम केलं आहे. फक्त ते फार संथ आहे, एक रेणू बनवायला दहा-पंधरा मिनिटं घेतं, आणि ठरावीक न्यूक्लिओसाइडच्या बाहेर सहसा जात नाही.

अकरा वर्षं की सहा मिनिटं

समजा लेबल लागलेला छोटा रेणू तयार आहे आणि तो प्रथिनाशी जोडायचा आहे. प्रथिन महाग, त्याचं प्रमाण लिटरमागे एक मायक्रोमोल. स्टॉडिंगर जोडणी या जुन्या पद्धतीचा वेग-स्थिरांक सुमारे ०.००२. या प्रमाणात निम्मी जोडणी व्हायला लागतील अकरा वर्षं. फ्लोरीनकडे आहेत ११० मिनिटं. २००८ मध्ये डेलावेअरमधल्या जोसेफ फॉक्स यांच्या गटाने टेट्राझीन आणि ट्रान्स-सायक्लोऑक्टीन यांची जोडी मांडली, तिचा स्थिरांक सुमारे २,०००. तेच प्रमाण, निम्मी जोडणी सहा मिनिटांत. नंतरच्या जोड्या दहा लाखांपर्यंत गेल्या. क्लिक रसायन आणि जैव-सुसंगत जोडण्यांसाठी २०२२चं नोबेल बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना मिळालं तेव्हा बातम्यांत पेशी आणि औषधं होती. फ्लोरीन-१८च्या लोकांना त्यात मिनिटं दिसत होती.

पण मघाशी म्हटल्याप्रमाणे टेट्राझीनच आम्लारीत मोडतं. म्हणून सुरुवातीला फ्लोरीन दुसऱ्या जोडीदारावर, सायक्लोऑक्टीनवर, लावलं गेलं. थेट टेट्राझीनला फ्लोरीन-१८ लावून दाखवलं ते व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये. तो रेणू इतका का हवा होता? अखंड प्रतिपिंड दीड लाख डाल्टनचा, रक्तात कित्येक दिवस फिरणारा. तो गाठीत स्थिरावेपर्यंत फ्लोरीन संपलेलं असतं. त्यासाठी ७८.४ तासांचं झिर्कोनियम-८९ वापरतात आणि रुग्णाला किरणोत्साराची जास्त मात्रा सोसावी लागते. त्याऐवजी प्रतिपिंड आधी, लेबलविना, द्यायचा. तो काही दिवसांत गाठीवर बसला की मागून फ्लोरीन लावलेलं टेट्राझीन सोडायचं. ते शरीरातच जुळतं आणि उरलेलं लघवीवाटे निघून जातं. नॅनोबॉडीला हा वळसा लागत नाही: १५ हजार डाल्टन, मूत्रपिंड तिला झपाट्याने गाळतं, एक ते तीन तासांत चित्र मिळतं. तिचं शरीरातलं घड्याळ आणि फ्लोरीनचं घड्याळ जुळतात, म्हणून मी तिच्याकडे जास्त आशेने पाहतो.

आता हे सगळं आपल्या नकाशावर ठेवून पाहू. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. २०१८ पासून कोलकात्यात ३० एमईव्हीचा सायक्लोन-३० आहे. ऑक्सिजन-१८ने समृद्ध पाणी जडपाणी मंडळाने मणुगुरूच्या प्रकल्पात बनवायला घेतलं आहे. समजा मुंबईत १०० गिगाबेकरेलपासून एका नॅनोबॉडीला लेबल लावलं आणि प्रत्यक्ष उतारा २० टक्के पडला. कुपीत २० गिगाबेकरेल. ३७० मेगाबेकरेलचे डोस, दर वीस मिनिटांनी एक रुग्ण. कुपी मुंबईतच वापरली तर भागाकार सांगतो ५४ डोस. पण रुग्ण रांगेत असताना फ्लोरीनही घटत असतं, त्यामुळे प्रत्यक्षात १६ जणांचं स्कॅन होतं. तीच कुपी रस्त्याने तीन तासांनी पुण्यात पोचली तर ६.४ गिगाबेकरेल उरतात आणि त्यात ९ रुग्ण होतात. प्रिकर्सर थोडा बिघडला, शुद्धीकरण लांबलं आणि उतारा २० वरून ५ टक्क्यांवर आला, तर पुण्यात होतात ३. गुणवत्ता-तपासणीला लागणारी मिनिटं या हिशेबात मी धरलेली नाहीत. ती धरली आणि अर्धा तास गेला, तर त्या तिघांतला तिसराही जेमतेम बसतो.